जुनी गाडी, नवा स्टिरिओ : आकड्याची खळ आणि तारेचा कस

कळंबा हे एके काळी कोल्हापूरबाहेरचे, तलावाकाठचे गाव होते. आज गारगोटी रस्त्याने शहरातून निघालेला माणूस कळंब्यात केव्हा पोहोचला ते त्याला कळत नाही. वस्ती वाढली तशी दारातली वाहनेही वाढली. परंतु या वाहनांत नव्या कोऱ्या गाड्यांइतक्याच जुन्या गाड्याही आहेत. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, ओम्नीचे २०१९ साली थांबले. बोलेरो २००० साली बाजारात आली, तिच्या पहिल्या काही वर्षांतल्या गाड्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत. तरीही कापडाचे गठ्ठे, किराणा माल आणि सुट्टीच्या दिवशी घरची मंडळी अशा गाड्यांतूनच फिरतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. व्यापारी माणूस हे सर्व सोपस्कार करतो, कारण इंजिन चालू असताना गाडी मोडीत काढणे त्याच्या हिशेबात बसत नाही. आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही.

मात्र इंजिन चालू असले तरी गाडीतला टेप केव्हाच बंद पडलेला असतो. कॅसेट मिळत नाही, सीडी कोणी विकत घेत नाही. इचलकरंजी, गांधीनगर, निपाणी, बेळगाव अशा फेऱ्या करणारा माणूस आठवड्याचे कितीतरी तास स्टिअरिंगमागे काढतो. बातम्या, कव्वाली, जुनी गाणी, एखादे प्रवचन किंवा भाषण ऐकावे असे त्याला वाटते. म्हणून तो मोबाइल जोडता येईल असा नवा स्टिरिओ बसवायला निघतो आणि येथूनच त्याची फसगत सुरू होते.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, या एका छोट्या खरेदीत व्यापारातले तीन मोठे प्रश्न गुंतलेले आहेत. मालावरचा आकडा खरा की खोटा, हा पहिला. माल महाग आणि हुनर स्वस्त, हे कितपत योग्य, हा दुसरा. स्वस्तात उरकलेल्या कामाची जोखीम शेवटी कोणाच्या माथी, हा तिसरा. आमचा धंदा कापडाचा. विजेचे शास्त्र आम्ही शाळेत शिकलो तेवढेच. परंतु खोट्या मालाची नाडी सर्व धंद्यांत सारखीच लागते.

आकड्याची खळ

कापडवाल्यांना खळ म्हणजे काय ते सांगायला नको. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर सूत तुटते. तो विणकामाचा भाग झाला. परंतु विरळ विणीच्या कापडाला विकताना पुन्हा भरपूर खळ चढवली की ते हाताला जड, भरदार लागते. गिऱ्हाईक खूश होते. पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर जाते आणि हातात जाळी उरते.

गाडीच्या स्टिरिओच्या खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा हा बहुतेक वेळा असाच खळीचा असतो. '४ × ५० वॅट' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. स्पीकरच्या खोक्यावर तर तीनशे, चारशे असे आकडे असतात. पूर्वी 'पीएमपीओ' नावाचे एक माप फार चालत असे. तळहातावर मावणाऱ्या स्पीकरवरही त्यात हजाराचा आकडा सहज येई. या मापाला कोणताही सर्वमान्य आधार नव्हता. क्षणाच्या एखाद्या भागापुरती जी कमाल उसळी येऊ शकेल, तिचा हा कल्पित हिशेब होता. खरे माप 'आरएमएस' म्हणून ओळखले जाते. यंत्र सलग किती ताकद देऊ शकते ते त्यावरून कळते. चांगले उत्पादक हा आकडाही देतात, पण तो आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो आणि खोक्याच्या तोंडावर क्वचितच दिसतो.

फ्यूजला विचारा

खोके काय म्हणते ते सोडा, स्टिरिओ उलटा करून पाठीमागे पाहा. तेथे एक छोटा रंगीत फ्यूज असतो आणि त्याच्यावर १० किंवा १५ असा आकडा असतो. स्टिरिओ सलग जास्तीत जास्त किती अँपिअर वीज घेऊ शकतो याची ती मर्यादा. गाडी चालू असताना विजेचा दाब साधारण १४ व्होल्ट असतो. चौदाला दहाने गुणले की झाले १४० वॅट. म्हणजे सलग १४० वॅट आत घेणारे यंत्र चार स्पीकरना मिळून २०० वॅट सलग बाहेर देणार, असा खोक्याचा दावा आहे. गल्ल्यात दीडशे रुपये असताना दोनशेची उधारी फेडल्यासारखेच हे!

फ्यूज १५ चा असेल तर आत येतात २१० वॅट. त्यातला बराच भाग, ढोबळ मानाने निम्मा, उष्णतेत जातो. म्हणूनच स्टिरिओच्या पाठीला धातूचे पंखे असतात आणि तो हाताला गरम लागतो. उरलेले चार स्पीकरमध्ये वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीसच्या आसपास येतात. प्रत्यक्षात चांगल्या कंपनीचा स्टिरिओही प्रत्येक स्पीकरला १५ ते २२ वॅटच स्वच्छ देतो, आणि बंद काचांच्या छोट्या गाडीत तेवढे पुष्कळ होतात. हा हिशेब कोणीही दुकानात उभ्या उभ्या करू शकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताकद दुप्पट केली म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. याउलट स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनक्षमता डेसिबलमध्ये दिलेली असते. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच वॅटमध्ये दुप्पट ताकदीचे काम होते. त्यासाठी अँप्लिफायर लागत नाही की जादा वायरही लागत नाही.

तलाव भरलेला, नळ बारीक

आता वायरीकडे वळू. खरा धोका येथेच आहे.

आमचा कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकात बांधला गेला तो कोल्हापूर शहराला पाणी पुरवण्यासाठी. तलाव कितीही भरला तरी घरात येणारा नळ बारीक असेल तर बादली भरायला वेळ लागतोच. गाडीतही तसेच आहे. बॅटरी हा तलाव आणि तांब्याची तार हा नळ. फरक एवढाच की बारीक नळात पाणी नुसते अडते, बारीक तारेत वीज अडली की तार तापते.

एक उदाहरण घेऊ. मागे अँप्लिफायर बसवला आणि तो जोरात वाजताना २५ अँपिअर वीज ओढतो आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर लागली. बसवणाऱ्याने घरच्या दिव्याला वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, कारण तीच हाताशी होती. या वायरीत सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच गळतात आणि सुमारे ३५ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची कावी साधारण एवढ्याच वॅटची असते! ही उष्णता पाच मीटरभर पसरलेली असते हे खरे. परंतु वायर कार्पेटखालून, पेट्रोलच्या गाडीतून, पंधरा-वीस वर्षे वाळलेल्या फोम-रेक्झिनला चिकटून जाते. कोठे सांधा ढिला असेल तर सारी उष्णता त्या एका ठिकाणी एकवटते. याच कामाला ६ किंवा ८ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ही गळती चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते.

दुसरी गोष्ट फ्यूजची. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीला बॅटरीजवळच, वीतभर-हातभर अंतरात, फ्यूज हवा. कित्येक गाड्यांत तो डिकीत, अँप्लिफायरजवळ लावलेला आढळतो. त्याने अँप्लिफायर वाचतो, गाडी वाचत नाही. मधल्या वायरीचे आवरण इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकात घासून फाटले आणि तांबे पत्र्याला टेकले, तर त्या वायरीला तोडणारे वाटेत काहीच नसते. त्या भोकात रबरी बूच बसवायला हवे. त्याला फार पैसे पडत नाहीत, तरीही ते नसते.

तिसरी गोष्ट आल्टरनेटरची. जुन्या छोट्या गाडीचा आल्टरनेटर ३५ ते ५५ अँपिअरच्या दरम्यानचा असतो, आणि तेवढी वीज तो इंजिन वेगात असताना देतो. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर उभे असताना त्याच्या बऱ्याच कमी. रात्री दोन हेडलाइटच आठ-नऊ अँपिअर घेतात, वायपर आणि पंखा वेगळे. त्यात पंचवीस अँपिअरचा अँप्लिफायर आला की बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होऊ लागते. मग दोष बॅटरीवाल्याला दिला जातो.

चौथी गोष्ट चोरट्या गळतीची. अँप्लिफायर चालू-बंद करणारी बारीक निळी वायर स्टिरिओला न जोडता थेट चालू विजेला जोडली की गाडी बंद केल्यावरही तो जागाच राहतो. अशा गळतीत अर्धा अँपिअर गेला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांत, पार उतरते. शुक्रवारी उभी केलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही ती यामुळे.

अस्सल जर आणि टेस्टेड जर

जरीचा व्यवहार करणाऱ्यांना हे माहीत आहे. अस्सल जरीच्या पोटात चांदीची तार असते. टेस्टेड जरीच्या पोटात तांबे असते आणि वर चांदीसारखी झळाळी दिलेली असते. दुकानाच्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच चमकतात. टेस्टेड जर टेस्टेड म्हणून विकली तर त्यात काही पाप नाही. अस्सल म्हणून विकली तर तो धोका आहे.

वायरीच्या बाजारातही आता हेच झाले आहे. 'वायरिंग किट' म्हणून जाड, चकचकीत, लाल-निळ्या आवरणाची वायर मिळते. तिच्या पोटात बहुधा ॲल्युमिनियम असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. ॲल्युमिनियम विजेला तांब्याच्या सुमारे दीडपट अडवते. म्हणजे तेवढ्याच कामाला तार दीडपट जाड हवी. शिवाय आवरण मुद्दाम जाड केलेले असते, आत तार थोडीच असते. पारख सोपी आहे. वायरीचे टोक सोलून एक धागा ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर ते टेस्टेड, लाल निघाला तर अस्सल. वजनही कळते, तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. आमच्या मते दुकानदाराने हे गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच सांगावे. दोन्ही माल ठेवा, दोन्हींचा भाव वेगळा सांगा, गिऱ्हाइकाला निवडू द्या.

आधी खडखड थांबवा

जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवूनही आवाज चांगला का लागत नाही, याचे कारण पुष्कळदा स्टिरिओत नसून दरवाजात असते. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची विरळ होते. दरवाजाचा आतला पत्रा भोकांनी भरलेला असेल तर मागची लाट पुढच्या लाटेला येऊन मिळते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. त्यातही जाड, घुमणारा आवाज आधी मरतो. लोक म्हणतात, "बेस येत नाही, वूफर बसवा." खरे तर ती भोके डांबरी किंवा रबरी चिकटपट्टीने बुजवली, स्पीकर पत्र्याला घट्ट आवळला, दरवाजाचे फाटलेले रबर बदलले, कडीची आणि काचेची खडखड थांबवली, तर वूफरची गरज निम्म्या लोकांना उरणार नाही. हे काम अर्ध्या दिवसाचे आणि कंटाळवाणे आहे. खोक्यावर छापता येत नाही म्हणून ते कोणी विकत नाही.

डॅशबोर्डच्या बाबतीतही सबुरी हवी. जुन्या गाड्यांतला टेपचा खण सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतो. हे माप जगभर ठरलेले आहे. त्याच मापाचा ब्लूटूथ असलेला साधा स्टिरिओ त्यात सरळ बसतो. पण आज मोठ्या पडद्याचा मोह आहे. त्यासाठी डॅशबोर्ड करवतीने कापला जातो. एकदा कापलेला डॅशबोर्ड पुन्हा जुळत नाही आणि गाडी विकताना तो डाग किंमत पाडतो. गाडी चालवताना डोळे रस्त्यावरून पडद्यावर जातात ते वेगळेच.

निळ्या ठिपक्याची गोष्ट

नाव पाहून माल घ्यावा, असे म्हणतात. नावाची किंमत कशी तयार होते याचे एक उदाहरण याच धंद्यात आहे. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, बर्लिनची एक कंपनी कानाला लावायचे हेडफोन बनवीत असे. तपासणीत पास झालेल्या प्रत्येक नगावर ती एक निळा ठिपका लावी. गिऱ्हाइके दुकानात जाऊन निळा ठिपकाच मागू लागली. पुढे कंपनीने आपले नावच ते ठेवले, ब्लाउपुंक्ट, म्हणजे जर्मन भाषेत निळा ठिपका. तपासणीची खूण हेच नाव झाले. व्यापाऱ्याला यापेक्षा मोठी इज्जत कोणती?

परंतु याच गोष्टीचा उत्तरार्धही ध्यानात घ्यावा. मूळ जर्मन कंपनीने २०१५ साली दिवाळखोरी जाहीर केली. आता ते नाव परवान्याने वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या वस्तूंवर वापरतात. त्यांचा माल वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आज नाव म्हणजे एक कारखाना असे राहिलेले नाही. तेव्हा नाव पाहा, पण फ्यूज, माहितीपत्रक आणि हमीपत्रही पाहा. ठिपका आपणच लावायला शिकले पाहिजे.

डॉल्बी : एका नावाची उलटी गत

कोल्हापुरात आवाजाचा विषय निघाला की डॉल्बीचे नाव निघतेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर रचलेली कर्ण्यांची भिंत म्हणजे डॉल्बी, असे आपल्याकडचे पोर सांगेल. वास्तविक रे डॉल्बी या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती आवाज वाढवण्यासाठी नव्हे, तर टेपवरची 'सूंऽ' अशी खरखर घालवण्यासाठी. जुन्या कॅसेट टेपवर 'डॉल्बी' असे बटण असे ते त्याचसाठी. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे नाव आमच्या भागात गोंगाटाचे नाव झाले!

मिरवणूक कोणाचीही असो, उत्सव कोणाचाही असो, या बाबतीत कोणत्याही समाजाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ शांततेची आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितले. गाडीत आवाज वाढवताना हेच लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाच्या कानाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. बंद काचांच्या गाडीत ९० डेसिबल सहज गाठले जातात, तेव्हा ही मुदत चार तासांवर येते. इचलकरंजीच्या मागांनी ज्यांचे कान आधीच बधिर झाले आहेत, त्यांनी तरी हे मनावर घ्यावे.

मजुरी नव्हे, हुनराचे मोल

आता आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. वर सांगितलेल्या सर्व गोष्टी, म्हणजे वायरीची जाडी, जागचा फ्यूज, रबरी बूच, घट्ट सांधा, बुजवलेली भोके, यांपैकी एकही गोष्ट खोक्यात मिळत नाही. त्या बसवणाऱ्याच्या हातात असतात. आणि नेमक्या याच हाताला आपण सर्वांत कमी पैसे देतो.

गिऱ्हाईक स्टिरिओ ऑनलाइन मागवतो, कारण तेथे दोनशे रुपये कमी पडतात. खोके बगलेत मारून तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडे येतो आणि म्हणतो, "चाचा, चार वायरी तर जोडायच्या आहेत, त्याचे एवढे पैसे?" चाचा काय करणार? मालातला नफा त्याच्या हातून गेलेला असतो. मजुरीवर घासाघीस होते. मग तो अर्ध्या तासात काम उरकतो. गाडीचा मूळ कपलर कापतो, वायरी पिळतो, वर काळी टेपपट्टी गुंडाळतो. उन्हाळ्यात बंद गाडी तापली की टेपपट्टीचा डिंक सुटतो आणि सांधा उघडा पडतो. वास्तविक बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात. ते वापरले तर मूळ वायरिंगला कात्री लावावी लागत नाही. पण त्याचे पैसे कोणी द्यायचे?

काही जण म्हणतील, ही मंडळी शिकलेली कुठे असतात, यांना जादा पैसे का द्यावे? हा आक्षेप अर्धा खरा आहे. या धंद्यातली पुष्कळ मुले दहा-बारा वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढून तयार झालेली असतात. त्यात आपल्या समाजातील मुलेही मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या बोटांत हुनर आहे, पण अँपिअरचा हिशेब कागदावर मांडायला त्यांना कोणी शिकवलेले नाही. यावर उपाय त्यांची मजुरी कमी करणे हा खचित नव्हे. कोल्हापूरची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था कळंबा रस्त्यावरच आहे. इलेक्ट्रिशियन, वायरमन, मोटार मेकॅनिक असे अभ्यासक्रम आयटीआयमध्ये असतात. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूदही करण्यात आली. उस्तादांनी आपल्या शागिर्दांना एवढे तरी करू द्यावे. आणि ज्या उस्तादाला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, त्याने वायरीच्या जाडीचा एक तक्ता दुकानात भिंतीला लावावा. गिऱ्हाईक तो वाचेल आणि घासाघीस आपोआप कमी होईल.

आमचे ठाम मत असे की, जुन्या गाडीसाठी जो काही पैसा बाजूला काढला असेल, त्याच्या दहा रुपयांतले तीन स्टिरिओला, तीन स्पीकरला आणि उरलेले चार वायर, फ्यूज, दरवाजाचे काम आणि बसवणाऱ्याच्या हुनराला द्यावेत. आज बाजारात आठ-नऊ रुपये खोक्याला जातात आणि उरलेल्या एक-दोन रुपयांत कारागिराने आपली गाडी सुरक्षित करून द्यावी, अशी अपेक्षा असते.

बिल, हमी आणि विमा

हा व्यवहार बहुधा तोंडी होतो. तो कागदावर आणला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचे खोटे वर्णन आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांविरुद्ध दाद मागता येते, इतकेच नव्हे तर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे. पण हातात बिल नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागणार? बिलावर वस्तूचे नाव, वायरीची जाडी आणि तांबे की मुलामा हे लिहून घ्यावे. कारागिरानेही मजुरीची पावती द्यावी आणि आपल्या कामाची सहा महिन्यांची का होईना, हमी लिहून द्यावी. ज्याचे काम खरे आहे त्याला अशी हमी जड जात नाही.

विम्याकडे तर कोणी पाहातच नाही. कारखान्यातून बसून न आलेली विजेची उपकरणे विमा पॉलिसीत वेगळी दाखवून त्यांचा हप्ता भरावा लागतो, तरच त्यांना संरक्षण मिळते. आणि गाडी जळाली तर सर्वेक्षक वायरिंग पाहतो. पिळलेले सांधे आणि फ्यूजविना धावणारी वायर त्याला सापडली, तर दावा अडकायला वेळ लागणार नाही. वाचवलेले पाचशे रुपये तेव्हा फार महाग पडतात.

थोडक्यात

स्टिरिओ घ्यायला जाल तेव्हा पाच गोष्टी विचारा. पाठीमागचा फ्यूज किती अँपिअरचा? आरएमएस वॅट किती? स्पीकर किती डेसिबलचा? वायर तांब्याची की मुलाम्याची, आणि किती चौरस मिलिमीटर? बॅटरीजवळ फ्यूज लावणार ना? या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा दुकानदार आणि कारागीर सापडला तर दोन पैसे जादा गेले तरी तेथेच काम करा आणि दुसऱ्या चौघांना त्याचा पत्ता सांगा. खऱ्या मालाची जाहिरात अशीच होते.

आणि या धंद्यातील आमच्या बंधूंना एवढेच सांगणे की, गिऱ्हाईक गाडी तुमच्याकडे सोडून जातो तेव्हा ती तुमच्याकडे अमानत असते. वर डॅशबोर्ड, खाली कार्पेट. मधली वायर त्याला कधीच दिसणार नाही. पण त्या वायरीवर त्याची मुलेबाळे बसून प्रवास करणार आहेत. जे दिसत नाही ते नीट करणाऱ्यालाच उस्ताद म्हणावे.